पायांना लागलेली वाट

बेंबळीशेजारचं आपलं गाव,
माघ, शके १८६८

प्रिय महालिंगा,

तुझ्या अक्काचा तुला तोंडभर आशीर्वाद. हे पत्र माझ्या हातचं आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. घेताही आलं नसतं, कारण यातलं निम्मं दुसऱ्याच्या कानावर घालण्यासारखं नाही. मी काही शाळेत गेले नाही, हे तुला ठाऊकच आहे. चाळिशी उलटल्यावर दुकानातल्या पुड्यांचे कागद चुलीत घालायच्या आधी एकेक अक्षर ओळखत वाचायला शिकले. त्यामुळं माझं अक्षर म्हणजे पहिल्यांदा चुलीपुढं बसलेल्या पोरीची भाकरी, कुठं जाड तर कुठं चिरलेली. पण महालिंगा, सबंध वाच. मधेच घडी घालून खिशात कोंबू नकोस.

तू घरी परत यावंस म्हणून मी लिहिते आहे. हे आधीच सांगून टाकते. का यावंस ते मात्र मला लगेच लिहिता येत नाही. हात तिथवर जातो आणि माघारी फिरतो. धीर येईल तसतसं लिहीन.

घरचं म्हणशील तर ज्वारी काढणीला आली आहे. कपिला व्याली, कालवड झाली, कपाळावर चांदणी आहे. माझा डावा गुडघा पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर घसरून दुखावला तो दुखावलाच, आता मला अंगण ओलांडायचं तर भिंत धरावी लागते. सिद्धम्माला दिवस गेले आहेत. तुझी सून गुणाची आहे, शेणापाण्याला मागं सरत नाही, आवाज चढवत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सासरा घर सोडून गेला, तरी तिनं त्याबद्दल एक शब्द कधी वाकडा काढला नाही. तुझा शांतलिंग बरा आहे, असं मी वर एकदा लिहिलं होतं. ते खोडलं आहे. खोडलेलं तुला दिसलंच असेल.

दिवाळीत तुझं कार्ड आलं. ‘दारू पुरती सुटल्याशिवाय तोंड दाखवणार नाही,’ एवढी एकच ओळ. ती ओळ मी इतक्यांदा वाचली की कार्डाच्या कडा मऊ पडल्या. गोरोबा कुंभाराचा जावई सोलापूरला मडकी घेऊन जातो, त्याच्याकडून तुझी खबर काढत असते. तू आडतीवर पोती उचलतोस म्हणे. या वयात. दिवेलागणीला सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाऊन बसतोस म्हणे. मी विचारलं, रोज बसतो का रे? तर तो खाली बघून म्हणाला, “कदी असत्यात, कदी नसत्यात.” नसतोस तेव्हा कुठं असतोस ते मी विचारलं नाही. पण म्हणून मी तुझ्यावर रागावले आहे असं समजू नकोस. राग करायला अंगात जोर लागतो, तो आता दुसरीकडं खर्ची पडतो आहे.

तुझी चन्नम्मा तुला सोडून देवाघरी गेली तेव्हा शांतलिंग जेमतेम पावलं टाकत होता. मी आधीच नवऱ्यामागं माहेरी आलेली, मी पोराला कडेवर घेतलं आणि घर सांभाळलं. तुला मात्र कुणी कडेवर घेणारं नव्हतं. दिवसभर तू नांगरामागं असायचास, तेवढा वेळ ठीक. ऊन उतरलं, गुरं घरी आली, घराघरांतून धूर निघायला लागला, की तू ओट्यावर बसून नुसता रस्त्याकडं बघायचास. मग रोज पिणारा तो धोंडप्पा एकदा तुला ओढ्यापलीकडं शिंदीच्या गुत्त्यावर घेऊन गेला. दरसाल त्या गुत्त्याचा लिलाव होतो, सरकारला पैसा लागतो, म्हणून आपल्या गावात शाळा नसली तरी गुत्ता आहे. पहिल्यांदा तू गेलास तो शिंदीसाठी नव्हेच. संध्याकाळ कुठंतरी घालवायची होती.

आणि तुझी ती रीत. गळ्यातलं लिंग काढून देवळीशेजारच्या खुंटीला अडकवायचं आणि मग घराबाहेर पडायचं. छातीवर देव असताना शिंदी प्यायची लाज वाटते, म्हणून देवालाच घरी ठेवायचं. अरे, आपल्यात लिंग अंगावेगळं करणं हे शिंदीपेक्षा किती मोठं पाप, हे मठातल्या स्वामींनी आपल्या दोघांनाही सांगितलेलं. पण तुझ्या मनानं असाच हिशेब घातला होता की त्यानं बघायला नको. मी सांजवात लावायला देवळीपाशी गेले की आधी खुंटी बघायची. लिंगाची चांदीची डबी तिथं लोंबताना दिसली की समजायचं, आज तुझी भाकरी टोपल्यात झाकून ठेवायची. स्वामींनी समजावलं, मी रडले, भांडले, उपास केले, तुझा सदरा लपवला. सदरा लपवला तर तू उघडा गेलास. थंडीचे दिवस होते.

मग मी ते नीरेचं केलं, ते तुला आठवतं का? मला तर आजही, एवढ्या काळजीतही, हसू येतं. गुळाच्या पुडीच्या कागदावर मी वाचलं, की शिंदीच्या झाडाचा रस उजाडायच्या आत ताजा ताजा घेतला तर तो औषधासारखा असतो, त्यानं अंग धरतं आणि दारूची ओढ कमी होते. मला वाटलं, सापडलं! त्याच झाडाचा रस, नुसती वेळ बदलायची. रस आंबू नये म्हणून झाडावर चढणाऱ्याला सांगून मडक्याला आतून चुना लावायला लावला, आणि रोज सकाळी तांब्याभर नीरा तुझ्यापुढं ठेवू लागले. तू ती डोळे मिटून घ्यायचास, मिशा पुसायचास आणि म्हणायचास, “अक्का, तुझ्या औषदानं लई बरं वाटतंय बघ.” संध्याकाळी गुत्त्यावर जाणंही कमी झालं. मी गल्लीभर सांगत सुटले. एक दिवस गोरोबा रांजण द्यायला आला, त्यालाही कौतुकानं पेलाभर दिली. त्यानं एक घोट घेतला, माझ्याकडं बघितलं, दुसरा घेतला आणि उंबऱ्यावर बसकण मारून हसत सुटला. “इरम्माबाई, ही नीरा न्हाय, ही शिंदीची धाकटी बहीण हाय! त्यो गडी चुन्याचं नुसतं बोट लावतूय, मग सगळी झाडं उतरून, गप्पा हाणत तुमच्या दारात येतूय, तवर ऊन कासराभर वर आलेलं असतंय. तुमी भावाला सकाळची पाजताय, त्यो संध्याकाळला कशाला जाईल?” आणि तू, लबाडा, दाराआड उभा राहून ऐकत होतास. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पण त्याच दिवशी गोरोबानं मला एक गोष्ट सांगितली, ती मी पदराला गाठ मारून ठेवली. पाठीवर ऊन घेत तो म्हणाला, “आमच्या गाढवाला पाटलाच्या हरभऱ्यात जायाची खोड लागली व्हती. बांधलं तर दावं तोडायचं, मारलं तर मार खाऊन जायाचं. शेवटी म्या काय केलं, रोज त्याच वक्ताला त्याच्या पाठीवर पाण्याच्या घागरी लादून नदीच्या वाटंनं न्यायला लागलो. पायांना वाट लागती बाई. जुनी वाट बंद करून काय व्हतंय? नवी लावून द्यावी लागती, आन् रोज संगट चालावं लागतंय.” भावाला गाढवाची उपमा दिली म्हणून मला राग यायला हवा होता. पण मी त्याला गुळाचा खडा दिला.

मग मी नीट विचार केला. ती वेळ झाली की तुला काय काय लागतं? नुसती शिंदी नव्हे. तिथं मीठ-तिखट लावलेले फुटाणे असतात, चार माणसं असतात, ‘या महालिंगप्पा’ म्हणणारं कुणीतरी असतं, आणि घरापासून तिथवर चालत जाणं असतं. म्हटलं, हे सगळं मी दुसरीकडं का मांडू नये? विहिरीजवळच्या मोकळ्या तुकड्यात वांग्यांचा वाफा केला. भाजीला पाणी संध्याकाळीच घालावं, असं तुला ठणकावून सांगितलं. गुरं घरी आली की मी घागर घेऊन अंगणात उभी. “चल, रोपं सुकली.” पहिले काही दिवस तू दात खाऊन यायचास. तुझे हात थरथरत होते, घागर हिंदकळून धोतर भिजायचं, घाम सुटायचा, एकदा तर घागर आपटून तू ओढ्याच्या दिशेनं निघालास. मी मागून हाक मारली नाही. नुसती घागर उचलून पाणी घालत राहिले. ओढ्याच्या कडेपर्यंत जाऊन तू माघारी आलास आणि माझ्या हातातली घागर हिसकावून घेतलीस.

पाणी घालून झालं की विहिरीच्या काठावर मी फुटाणे काढायची, लसूण-मिरची लावलेले, गुत्त्यावरच्यापेक्षा झणझणीत. गोरोबा यायचा, शेजारचा चन्नबसप्पा यायचा. मग मी माझ्या पुड्यांचे कागद वाचून दाखवायची. कुठल्या गावात वाघ आला, कुठं लढाईत बोट बुडाली, कुठल्या तेलानं केस वाढतात. निम्मा कागद फाटलेला, त्यामुळं वाघाचं पुढं काय झालं ते कधीच कळायचं नाही, आणि त्यावर तुम्ही तिघं भांडायचात. चन्नबसप्पा वाघ मारून टाकायचा, तू त्याला जिता सोडायचास. एकदा असं हसता हसता तू वर बघितलंस आणि म्हणालास, “अक्का, अंधार पडला की गं. मला कळलंच न्हाय.” महालिंगा, माझ्या सबंध जन्मात मला कुणी याहून मोठं काही दिलेलं नाही.

वांगी इतकी आली की गल्लीतल्या बायका मला बघून दार लावून घ्यायला लागल्या. शांतलिंग म्हणायचा, “आत्या, आता दारू पिलेला बाप परवडला, पर वांगी नगो.” सगळे हसलो. त्याचं हसणं तेव्हा किती मोकळं होतं. खुंटी रिकामी होती. मी तिच्यावर सूप अडकवायला सुरुवात केली होती.

मग शांतलिंगचं लग्न ठरलं. तू इतका खुश होतास, पण आतून घाबरला होतास. हळदीच्या आधी तू माझ्याकडं आलास, रेशमी दोरा हातात घेऊन. “अक्का, लग्नात चार लोक आग्रव करतील. माझा मलाच भरवसा न्हाय. लिंगाचा दोरा इतका आकूड बांध की डोक्यावरनं निघताच कामा नये. देव छातीवर असला की म्या पिनार न्हाय.” मला ते पटलं. स्वामींनीही मान डोलावली. मी तुझ्या मानेमागं गाठ मारली, आणि आपल्या दोघांनाही वाटलं की आता घोर मिटला.

त्याच दिवशी दुपारी आचारी आला. स्वयंपाकाला पाणी जवळ हवं, चुलींसाठी चर खणायला मऊ जमीन हवी. तूच बोट दाखवलंस, “हितं खणा, विहीर जवळ हाय.” वांग्यांच्या वाफ्यावर कुदळ चालली. मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते, मलाही काही वाटलं नाही. वांगी काय, पुन्हा लावता येतील. लग्नघरात संध्याकाळच्या वेळी घागर कोण घेणार, फुटाणे कोण भाजणार, कागद कोण वाचणार? गोरोबा मडक्यांच्या मागं, मी पाहुण्यांच्या मागं. वाफा मोडला आणि दोरा बांधला, एकाच दिवशी. आपल्या दोघांना काय करून बसलो हे समजलं नाही. वर्षभर तू ज्या वाटेनं चालत होतास ती आपणच खणून काढली, आणि जुन्या वाटेवर नुसती एक रेशमी गाठ आडवी लावली.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, ऊन उतरलं. मांडवात तू एका खांबाला टेकून उभा होतास, हातांना काही काम नव्हतं. मी ते बघितलं होतं. पण विहिणीचं मानपान चाललेलं, म्हटलं, येतेच. तेवढ्यात धोंडप्पानं तुझ्या गळ्यातला तो आखूड दोरा बघितला आणि चारचौघांत म्हणाला, “काय महालिंगप्पा, भनीनं गळ्यात घंटा बांधलीय व्हय? बैल हरवू नये म्हून?” सगळे खो खो हसले. तूही हसलास. मग पानाच्या तबकातला अडकित्ता उचललास, मानेमागं नेलास, आणि दोरा कातरला. इतक्या सहज, जणू सुपारी कातरली. डबी माझ्या ओंजळीत ठेवलीस. माझ्याकडं बघितलं नाहीस.

पुढचं लिहीत नाही. रात्री तू पिऊन आल्यावर सिद्धम्माच्या बापापुढं मांडवात जे झालं ते तू स्वतः विसरला नाहीस, म्हणून तर सोलापुरात पोती उचलतो आहेस. उजाडायच्या आत तू निघून गेलास. तुझ्या डबीला मी रोज पाणी-फूल दाखवते, पण आतलं लिंग तुझं आहे, त्याची पूजा तुझ्याच तळहातावर व्हायची, माझ्या नाही. एवढंच लिहून मला खरं तर थांबायचं होतं. वाटलं होतं, वांग्यांच्या गोष्टी काढीन, हसवीन, आणि तू आपण होऊन निघशील. पण आता इथवर आले आहे तर लिहिते.

तू गेल्यावर लोक शांतलिंगला टोचायला लागले. शेतावर जाता-येता, ‘बापाचा ठावठिकाणा लागला का रे?’ म्हणून. धोंडप्पा सगळ्यांत पुढं. पोरगं मानी, तुझ्यासारखंच. श्रावणात एका संध्याकाळी काठी घेऊन ओढ्यापलीकडं गेलं, धोंडप्पाशी भांडायला. मी ओट्यावर बसून होते, म्हटलं, डोकी फुटणार. बराच वेळानं तो आला. डोकं फुटलं नव्हतं, काठी हातात नव्हती, आणि तो हसत होता. म्हणाला, “आत्या, मानसं वाईट न्हाईत गं. अप्पाची लई याद काढत्यात.” मला त्या क्षणी समजलं. सोळा आणे समजलं, आणि तरी मी म्हणाले, जेवून घे. दुसऱ्या दिवशी तो काठी आणायला म्हणून गेला. आता कशाला जातो ते सांगतही नाही.

तू निदान देवाला लाजायचास. हा डबी गळ्यात तशीच ठेवून जातो आणि तशीच घेऊन येतो. मी बोलले तर म्हणतो, “काढली तर तुमाला त्रास, ठिवली तर तुमाला त्रास.” मी सगळं करून बघितलं, महालिंगा. नवा वाफा धरला, पण माझा पाय मला विहिरीपर्यंत नेत नाही, आणि एकट्यानं पाणी घालायला तो थांबत नाही. फुटाणे भाजले, ते खिशात घालून घेऊन गेला. गोरोबा एकदा बसला, पण त्याची नजर आता पार गेली आहे, दिवस मावळला की त्यालाच कुणीतरी हात धरून न्यावं लागतं. रोज सोबत चालणारं माणूस लागतं, ते माझ्याकडं नाही. आणि नुसतं चालणारं असूनही भागणार नाही. हात थरथरायला लागल्यावर आत काय होतं, घागर आपटावीशी का वाटते, ओढ्याच्या कडेवरून माघारी फिरताना पाय किती जड होतात, ते मला काय माहीत? मी काठावर उभी राहून बघितलं आहे. त्या पाण्यात तू उतरला होतास. तो माझं ऐकत नाही, कारण मी कधी प्यायले नाही. तुझं ऐकेल की नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ज्याला त्यातलं माहीत आहे असा आमच्याकडं दुसरा कुणी नाही.

आणि ज्यासाठी आज, ज्वारीची काढणी तोंडावर असताना, बोरू घेऊन बसले ते हे. काल दिव्याची वात करता करता सिद्धम्मानं मला विचारलं, “आत्याबाई, मामंजी जायाचे तवा तुमी दाराला कडी लावून घेत व्हता, का दार उघडंच ठिवत व्हता?” तक्रार नव्हती तिच्या आवाजात. चुलीला किती लाकडं घालू, असं विचारावं तसं विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं. माझ्याकडं उत्तर तयार होतं रे, की कडी लावायची नाही, नुसतं दार लोटून घ्यायचं, आणि भाकरी टोपल्यात झाकून उताणी ठेवायची म्हणजे वाळत नाही. हे सगळं माझ्या जिभेवर आलं आणि मी गप्प झाले. पोटात पोर घेऊन ती पोरगी माझ्याकडून हे शिकायला बसली होती. शिंदीची सवय तुम्हाला लागते, आणि ही आम्हाला. मी ती अंगात भिनवून म्हातारी झाले. तिला लागायच्या आत काहीतरी करायला हवं, महालिंगा, आणि मला ते एकटीनं होत नाही. तू कार्डात लिहिलंस, पुरती सुटल्याशिवाय येणार नाही. नको रे सुटायची वाट बघू. अर्धी सुटलेली असली तरी ये, अजिबात सुटलेली नसली तरी ये. लोक दारात उभे राहून बघतील, बघू देत. सिद्धम्माच्या बापाला मी तोंड देईन. घरी येऊन पडलास तर पड, दुसऱ्या दिवशी उठून पोराबरोबर विहिरीवर चल, आणि तोही पडला तर दोघं मिळून उठा. मी गोरोबाच्या जावयाला शपथ घालून सांगितलं आहे, की हे पत्र तुझ्या हातात सकाळीच द्यायचं, तू आडतीवर जायच्या आधी. वाचून झालं की नेसत्या कपड्यानिशी निघ, नळदुर्गावरून इकडं येणारी मोटार दुपारपर्यंत मिळते. विचार करून उद्या निघतो म्हणू नकोस. आजची संध्याकाळ तिथं झाली तर तू निघायचा नाहीस, ते तुला माहीत आहे आणि मलाही.

तुझीच अक्का,
इरम्मा